जर्मनीत मास्टर्स करायला जाताना: कागद, पैसा, परीक्षा आणि त्यांचा क्रम

जर्मनीत शिक्षण फुकट मिळतं, हे पुण्या-मुंबईच्या बहुतेक इंजिनिअरिंग कॉलेजांत ऐकू येतं. ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण त्यामुळे घरचे फीचा हिशेब करून निश्चिंत होतात आणि गणित बिघडतं ते वेळेचं. जर्मन व्यवस्थेत एक कागद दुसऱ्यावर अवलंबून असतो. शैक्षणिक कागद तपासून मिळणाऱ्या एपीएस प्रमाणपत्राशिवाय व्हिसा नाही, आरोग्य विम्याशिवाय विद्यापीठात नावनोंदणी नाही, पत्त्याच्या नोंदणीशिवाय टॅक्स नंबर नाही. यातला एखादा कागद तीन-चार आठवडे रखडला की अख्खं सत्र हातचं जाऊ शकतं. म्हणून ऑक्टोबरमध्ये सुरू होणाऱ्या हिवाळी सत्रासाठी आदल्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टपासूनच कामाला लागावं.

आधी 'फुकट'चं बघू. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नसतं, फक्त सत्र-वर्गणी भरावी लागते. ती साधारण १०० ते ४०० युरो असते आणि तिच्यात बऱ्याच ठिकाणी बस-रेल्वेचा पास येतो. याला दोन मोठे अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यात, म्हणजे स्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हायडेलबर्ग, फ्रायबर्ग, मानहाइम इथे, युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून दर सत्राला १५०० युरो भरावे लागतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून नव्या परदेशी विद्यार्थ्यांना शुल्क लावलं आहे, आणि मास्टर्ससाठी ते दर सत्राला ४००० ते ६००० युरो आहे. सीनिअरने चार वर्षांपूर्वी काय भरलं, यावर विसंबू नका.

तिसरा प्रकार खासगी विद्यापीठांचा. एखादा एजंट 'जर्मनीत हमखास प्रवेश' देत असेल, तर बहुतेक वेळा तो अशाच संस्थेत असतो, कारण कमिशन तिथे मिळतं. सरकारी विद्यापीठ एजंटला काही देत नाही. सगळ्या खासगी संस्था वाईट नसतात, पण पैसे भरण्याआधी दोन गोष्टी तपासा: संस्थेला राज्याची मान्यता आहे का, आणि अभ्यासक्रम पूर्णपणे वर्गात हजर राहून करायचा आहे का. अर्धा ऑनलाइन असलेल्या अभ्यासक्रमावर शिक्षणासाठीचा निवास परवाना नाकारला जाऊ शकतो. आणि तो नाकारला जातो जर्मनीत पोहोचल्यावर, नूतनीकरणाच्या वेळी, म्हणजे लाखो रुपये भरून झाल्यावर.

तुमचा सीजीपीए तिथे किती होतो

जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे काठावर पास. भारतीय गुणांचं रूपांतर 'बव्हेरियन सूत्रा'ने करतात. जास्तीत जास्त शक्य गुणांतून तुमचे गुण वजा करा. त्याला जास्तीत जास्त आणि किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकाने भागा. आलेल्या आकड्याला ३ ने गुणून १ मिळवा.

समजा सीजीपीए ७.९ आहे, कमाल १० आणि उत्तीर्ण व्हायला किमान ४ लागतात. १० वजा ७.९ म्हणजे २.१. त्याला ६ ने भागलं की ०.३५, गुणिले ३ म्हणजे १.०५, अधिक १ म्हणजे २.०५. आता किमान गुण ४ ऐवजी ५ धरले, तर तोच सीजीपीए २.२६ होतो. म्हणूनच तुमच्या विद्यापीठाची उत्तीर्णतेची किमान श्रेणी गुणपत्रिकेच्या मागे किंवा ट्रान्सक्रिप्टवर स्पष्ट छापलेली असली पाहिजे. नसेल तर परीक्षा विभागाकडून तसं पत्र घ्या. अनेक अभ्यासक्रम २.५ ला दार बंद करतात, आणि ४ च्या हिशेबात २.५ म्हणजे बरोबर ७.० सीजीपीए.

गुणांइतकंच महत्त्व विषयांना आहे. प्रवेश समिती तुमचे विषय क्रेडिटनिशी मोजते: गणित किती, प्रोग्रॅमिंग किती, मूळ शाखेचे किती. मेकॅनिकलचा विद्यार्थी डेटा सायन्सला अर्ज करतो आणि ८.८ सीजीपीए असूनही नाकारला जातो, त्याचं कारण बहुधा हेच. अभ्यासक्रमाच्या नियमावलीत ही क्रेडिटची अट लिहिलेली असते. अर्जाची फी भरण्याआधी ती वाचायला अर्धा तास द्या.

एपीएस आणि नावाचा घोळ

नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र सक्तीचं आहे. नवी दिल्लीतलं हे कार्यालय तुमच्या दहावीपासूनच्या शैक्षणिक कागदांची सत्यता तपासतं. शुल्क १८,००० रुपये. प्रमाणपत्र कधी काही आठवड्यांत येतं, कधी काही महिन्यांत, कारण पडताळणीसाठी तुमच्या विद्यापीठानेही उत्तर द्यावं लागतं. व्हिसाला ते लागतंच, आणि बरीच विद्यापीठं अर्जाच्या वेळीच मागतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत एपीएसचा अर्ज गेला, तर पुढचं सगळं सुटसुटीत होतं.

महाराष्ट्रातल्या मुलांची अडचण अनेकदा नावाची असते. गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि खाली वेगळ्या ओळीत आईचं नाव. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात तुमचं आणि वडिलांचं नाव जोडून, तर आडनाव वेगळं. आयईएल्टीएसच्या निकालावर तिसराच क्रम. जर्मन कारकून पासपोर्ट प्रमाण मानतो. त्यामुळे विद्यापीठ, विमा, बँक, भाडेकरार या सगळ्या फॉर्मवर नाव पासपोर्टमध्ये आहे तसंच, त्याच रकान्यांप्रमाणे भरा, मग वडिलांचं नाव तुमच्या पहिल्या नावाचा भाग म्हणून छापून आलं तरी चालेल. वडिलांचं नाव एका ठिकाणी घातलं आणि दुसरीकडे गाळलं, तर विम्याची नोंद आणि विद्यापीठाची नोंद एकमेकांना सापडत नाही आणि नावनोंदणी अडकते. स्पेलिंगमध्ये फरक असेल किंवा लग्नानंतर नाव बदललं असेल, तर राजपत्रातली नोंद किंवा प्रतिज्ञापत्र आधीच तयार ठेवा.

एक खर्च टाळता येतो. भारतातल्या अपोस्टिलला जर्मनीची हरकत आहे, त्यामुळे तो शिक्का जर्मन कार्यालयांत ग्राह्य धरत नाहीत. 'सगळ्या कागदांना अपोस्टिल करून देतो' म्हणणाऱ्याला त्यासाठी पैसे देऊ नका. विद्यापीठाने साक्षांकित प्रती मागितल्या असतील तर त्या कोणाकडून साक्षांकित चालतील, हे त्याच पानावर लिहिलेलं असतं.

अर्ज

काही विद्यापीठं थेट अर्ज घेतात, काही युनी-असिस्ट या संस्थेमार्फत. युनी-असिस्टला एका सत्रासाठी पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्यापुढच्या प्रत्येकाला ३० युरो पडतात. कागदांची छाननी व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. काही विद्यापीठांना आधी युनी-असिस्टचा 'व्हीपीडी' हा मूल्यांकनाचा कागद हवा असतो आणि नंतर त्यांच्या स्वतःच्या पोर्टलवर अर्ज. अशा ठिकाणी अंतिम तारखेच्या किमान दोन महिने आधी व्हीपीडी मागवा. १५ जुलै ही तारीख सगळीकडे सांगितली जाते, पण इंग्रजी माध्यमातल्या अनेक मास्टर्स अभ्यासक्रमांची मुदत परदेशी विद्यार्थ्यांसाठी मार्च ते मे दरम्यानच संपते.

ब्लॉक्ड अकाउंट: पैशाचा खरा प्रश्न

पहिल्या वर्षाचा राहण्याखाण्याचा खर्च तुमच्याकडे आहे, हे व्हिसाआधी दाखवावं लागतं. त्यासाठी 'श्पेरकोंटो', म्हणजे गोठवलेलं खातं उघडतात. सप्टेंबर २०२४ पासून त्यात ११,९०४ युरो भरावे लागतात, आणि तिथे पोहोचल्यावर महिन्याला ९९२ युरो मोकळे होतात. युरो १०० रुपयांचा धरला तर हे जवळपास १२ लाख रुपये होतात. रक्कम बदलत राहते, म्हणून पैसे पाठवण्याच्या आठवड्यात वकिलातीच्या संकेतस्थळावर पुन्हा बघा.

इथे तीन ठिकाणी अडतं. पहिलं म्हणजे शैक्षणिक कर्ज. शाखेतल्या अधिकाऱ्याला कॉलेजची फी थेट कॉलेजला पाठवायची सवय असते. इथे फी जवळपास शून्य आणि पैसे विद्यार्थ्याच्याच नावावरच्या परदेशी खात्यात जाणार, त्यामुळे फाइल अडते. खातं देणाऱ्या कंपनीचं पत्र आणि वकिलातीच्या संकेतस्थळावरच्या अटीची छापील प्रत कर्जाच्या अर्जालाच जोडा, मंजुरीनंतर नव्हे. दुसरं म्हणजे मधल्या बँकांचं शुल्क. ११,९०४ युरो पाठवले आणि वाटेत २५ युरो कापले गेले, तर खातं अपुरं ठरतं आणि पुष्टीपत्र निघत नाही. परदेशी हस्तांतराच्या फॉर्मवर सगळं शुल्क पाठवणाऱ्याने भरायचा पर्याय निवडा, आणि वर ५० युरो जास्त टाका. तिसरं म्हणजे टीसीएस, परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे गेले तर १ एप्रिल २०२५ पासून तो लागत नाही. स्वतःच्या बचतीतून पाठवले तर आर्थिक वर्षात १० लाखांच्या वरच्या रकमेवर लागतो. हा पैसा बुडत नाही, पाठवणाऱ्याच्या प्राप्तिकर विवरणपत्रात वळता होतो, पण त्या महिन्यात तेवढी जास्तीची रोकड हाताशी लागते.

आता ९९२ युरोंत भागतं का? मागदेबुर्ग, केम्निट्झ, इल्मेनाउ, झीगन अशा गावांत भागतं. खोलीचं भाडं ३०० ते ४००, विमा १४० ते १५०, किराणा २००, मोबाइल १०-१५ आणि रेडिओ-टीव्ही वर्गणी १८.३६ युरो. म्युनिक, फ्रँकफर्ट, हॅम्बर्गला हे भाडं खोलीला पुरत नाही. गाव मोठं की लहान, हा निर्णय विद्यापीठाच्या क्रमवारीइतकाच विचार करून घ्यावा. रेडिओ-टीव्हीची वर्गणी दर घराला एक अशी असते. चौघं एका घरात राहत असतील तर एकानेच भरायची आणि बाकीच्यांनी त्याचा क्रमांक कळवायचा. न कळवता पत्रं फेकून दिली, तर थकबाकी साठत जाते.

पहिला महिना सगळ्यात जड. गोठवलेल्या खात्यातला पहिला हप्ता स्थानिक चालू खातं जोडल्यावरच मिळतो, आणि तेव्हाच घराची अनामत आणि पहिलं भाडं द्यायचं असतं. फॉरेक्स कार्डावर वेगळे १५०० ते २५०० युरो असल्याशिवाय विमानात बसू नका.

व्हिसा

महाराष्ट्रातले अर्ज मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे जातात. शुल्क ७५ युरो. अर्जासोबत प्रवेशपत्र, एपीएस, गोठवलेल्या खात्याचं पुष्टीपत्र, विमा, भाषेचा दाखला आणि उद्देशपत्र लागतं. निकालाला काही आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत वेळ लागतो, म्हणून प्रवेशपत्र हातात येताच अर्ज करा. नकाराविरुद्ध दूतावासाकडेच फेरविचार मागायची सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली आहे. आता नव्याने अर्ज करायचा किंवा बर्लिनच्या न्यायालयात जायचं, एवढेच मार्ग उरतात. त्यामुळे पहिलाच अर्ज नीट जायला हवा. उद्देशपत्रात हाच अभ्यासक्रम का, तुमच्या आधीच्या कोणत्या विषयांशी तो जोडलेला आहे आणि पुढे काय करणार, हे साध्या शब्दांत लिहा. विकत आणलेली पत्रं एकसारखी असतात आणि रोज शेकडो पत्रं वाचणाऱ्याला ती लगेच ओळखू येतात.

बॅग भरताना एक नियम घरच्यांना आधीच समजावून सांगा. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाच्या सामानात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप, पेढे, खवा हे सगळं विमानतळावर काढून घेतलं जाऊ शकतं. ताजा कढीपत्ता आणि आंबे यांनाही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. गोडा मसाला, डाळी, भाजणी, तेलातलं लोणचं यांना अडचण नाही. जास्तीचा चष्मा करून घ्या आणि दातांची कामं उरकून जा. प्रौढांच्या चष्म्याचा खर्च तिथला सरकारी विमा सहसा देत नाही.

पोहोचल्यावरचे पहिले दोन आठवडे

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात पत्त्याची नोंदणी, म्हणजे 'आनमेल्डुंग' करायची. त्यासाठी घरमालकाने सही केलेला राहण्याचा दाखला लागतो. भाडेकरार त्याला पर्याय नाही. ओळखीच्याच्या खोलीत तात्पुरते राहत असाल आणि तो हा दाखला देऊ शकत नसेल, तर नोंदणी होत नाही आणि टॅक्स नंबर, पगार, निवास परवाना असं पुढचं सगळं थांबतं. म्हणून खोली ठरवताना पहिला प्रश्न भाड्याचा नको, 'इथे नोंदणी करता येईल का' हा विचारा. दारावरच्या टपालपेटीवर आपलं नाव चिकटवा. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो आणि बँकेचं कार्ड, टॅक्स नंबर, विम्याचा कागद सगळं पोस्टानेच येतं.

सर्वांत स्वस्त खोल्या विद्यार्थी-सेवा संस्थेच्या वसतिगृहांत. तिथल्या प्रतीक्षायाद्या काही शहरांत वर्षभराच्या असतात, त्यामुळे प्रवेशपत्राच्या दिवशीच अर्ज टाका. खासगी घरात 'थंड भाडं' आणि 'गरम भाडं' असे दोन आकडे दिसतील. गरम भाड्यात हीटिंग आणि इमारतीचे खर्च धरलेले असतात, वीज-इंटरनेट मात्र बहुधा वेगळं. अनामत कायद्याने तीन महिन्यांच्या थंड भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि ती तीन मासिक हप्त्यांत द्यायचा तुम्हाला हक्क आहे. मालक परदेशात आहे, चावी कुरिअरने येईल, आधी पैसे पाठवा, असा मेल आला की तिथेच थांबा. दर सप्टेंबरला भारतातून निघायच्या घाईत असलेली मुलं याच फसवणुकीत सापडतात.

विम्याबाबत एकच निर्णय खरा धोकादायक आहे. ३० वर्षांखालच्या विद्यार्थ्याला टीके, एओके, बार्मर अशा सार्वजनिक विमा संस्थांत सवलतीचा दर मिळतो. स्वस्त दिसतो म्हणून खासगी विमा घेतला आणि सार्वजनिक विम्यातून सूट मागितली, तर संपूर्ण शिक्षण होईपर्यंत परत फिरता येत नाही. खासगी पॉलिसीत जुने आजार वगळलेले असू शकतात आणि डॉक्टरचं बिल आधी खिशातून भरावं लागतं. व्हिसासाठी घेतलेला प्रवासी विमा ही वेगळी गोष्ट आहे, तो फक्त सत्र सुरू होईपर्यंतचा. तातडीच्या प्रसंगी ११२, आणि रात्री-सुट्टीला डॉक्टर हवा असेल पण जिवावरचं नसेल तर ११६११७.

व्हिसा काही महिन्यांचाच असतो. तो संपण्याआधी परदेशी नागरिक कार्यालयात निवास परवान्याचा अर्ज जायलाच हवा. भेटीची वेळ तीन-चार महिन्यांनी मिळाली तरी हरकत नाही, अर्ज वेळेत दाखल झाल्याचा पुरावा मात्र जपून ठेवा. वेळेत अर्ज केला असेल तर निर्णय होईपर्यंत जुने हक्क चालू राहतात आणि त्याचं तात्पुरतं प्रमाणपत्र मागता येतं. दिवाळीला घरी यायचं तिकीट काढण्याआधी त्या प्रमाणपत्रावर कोणता रकाना भरला आहे ते बघा. निवास कायद्याच्या कलम ८१ चा परिच्छेद ४ असेल तर परत प्रवेश मिळतो. परिच्छेद ३ असेल तर त्या कागदावर परत येता येत नाही.

परीक्षा: इथे सगळ्यात जास्त मुलं घसरतात

आपल्याकडे वर्गात नाव असलं की परीक्षेचा फॉर्म भरून घेतला जातो, कोणीतरी आठवण करतं. जर्मनीत तसं कोणी मागे लागत नाही. प्रत्येक विषयाच्या परीक्षेची नोंदणी तुम्ही स्वतः ठरलेल्या काही आठवड्यांत ऑनलाइन करायची. मुदत चुकली तर सत्रभर एकही तास न चुकवता बसलेल्यालाही पेपर देता येत नाही. नोंदणी केली आणि न सांगता गैरहजर राहिलात तर ५.० मिळतो, म्हणजे नापास, आणि एक संधी खर्च. तयारी नसेल तर नाव मागे घ्यायची तारीख असते, ती आधीच कॅलेंडरवर लिहा. आजारी पडलात तर त्याच दिवशी डॉक्टरांचा दाखला घेऊन परीक्षा कार्यालयात द्या.

बहुतेक विषयांत अंतर्गत गुण नसतात. सत्राच्या शेवटी ९० किंवा १२० मिनिटांचा एक पेपर, आणि सगळी श्रेणी त्यावर. एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचा अभ्यास धरलेला असतो. सत्राला ३० क्रेडिट म्हणजे साधारण ७५० ते ९०० तास, आणि तासिका त्याच्या निम्म्याहूनही कमी. उरलेला अभ्यास घरी करायचा असतो, हे कोणी सांगत नाही, आणि पहिल्या फेब्रुवारीत, परीक्षेच्या वेळी ते कळतं.

सर्वांत गंभीर गोष्ट संधींची आहे. एटीकेटीची सवय इथे महागात पडते. बहुतेक ठिकाणी एका विषयाला तीन संधी असतात. सक्तीच्या विषयात शेवटचीही गेली की नाव कायमचं कमी होतं, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठातही घेता येत नाही. निवास परवाना शिक्षणावर उभा असल्याने तोही धोक्यात येतो. म्हणून दुसऱ्यांदा नापास झाल्यावर गप्प बसू नका. विभागाच्या अभ्यास-सल्लागाराकडे जा, प्राध्यापकाकडे उत्तरपत्रिका बघायची वेळ मागा. ती दाखवणं हा तिथला नेहमीचा रिवाज आहे आणि त्यात कोणी वाईट वाटून घेत नाही.

काम आणि भाषा

मार्च २०२४ पासून विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. विद्यापीठातलं सहायकाचं काम या मोजणीत धरत नाहीत, त्यामुळे ते मिळालं तर उत्तम. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा पाळा. ती ओलांडली तर विम्याचा विद्यार्थी-दर जाऊ शकतो. २०२६ मध्ये किमान वेतन ताशी १३.९० युरो आहे आणि मिनीजॉबची, म्हणजे छोट्या अर्धवेळ नोकरीच्या कमाईची मर्यादा महिन्याला ६०३ युरो. स्वतःच्या नावावर धंदा किंवा फ्रीलान्स काम करायला परदेशी नागरिक कार्यालयाची वेगळी परवानगी लागते. भारतातल्या क्लायंटसाठी घरून केलेलं काम त्यातून सुटतं, असं समजू नका.

पहिल्या दिवसापासून काम मिळेल, या हिशेबावर कर्जाचा हप्ता ठरवू नये. पहिलं सत्र अभ्यासात जातं, आणि जर्मन येत नसेल तर गोदामाशिवाय फारसं काही मिळत नाही. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी कंपन्यांतल्या बहुतेक जागांना जर्मनची बी१ ते बी२, म्हणजे मधली पातळी लागते. पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात किंवा दुसऱ्या चांगल्या वर्गात निघण्यापूर्वी ए२ पर्यंत पोहोचा. मास्टर्स चालू असताना शून्यापासून भाषा शिकायला वेळच सापडत नाही.

पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा निवास परवाना मिळतो आणि त्या काळात कोणतंही काम करता येतं. तो परवाना आपोआप मिळत नाही. चालू परवान्याची मुदत संपण्याआधी, पदवी पूर्ण झाल्याचा विद्यापीठाचा दाखला, विमा आणि पोटापाण्याच्या सोयीचा पुरावा जोडून अर्ज करायचा. छापील पदवी यायला महिने लागतात, तिची वाट पाहू नका. शेवटचा गुण नोंदला गेल्यावर परीक्षा कार्यालय तात्पुरता दाखला देतं आणि अर्जाला तो चालतो.